१ मे ही शेवटची तारीख

खांब नाक्यापासून कोलाडपर्यंत महामार्गाच्या दोन्ही अंगांना ज्यांचा दवाखाना आहे, रक्त-लघवी तपासणीची लॅब आहे, ज्यांच्या मेडिकलच्या मागच्या खोलीत इंजेक्शन टोचले जाते, जे नेत्याच्या वाढदिवसाला रक्तदान शिबिर भरवून संध्याकाळी मांडव गुंडाळून निघून जातात, जे गुरांना लस टोचून रिकाम्या बाटल्या गोठ्यामागे टाकतात, त्या सर्वांना हा जाहीर इशारा आहे.

महामार्गालगतच्या एका मोरीखाली जे पाहिले तेच सांगतो. किराणा दुकानात मिळते तशी साधी काळी पिशवी, कुत्र्यांनी फाडलेली. रक्त वाळून तपकिरी पडलेला कापूस, सलाइनची नळी, फुटलेल्या काचेच्या कुप्या आणि टोपण नसलेल्या सुया. एक सुई मातीत उभी रुतलेली, टोक वर. भोवती गुरांच्या खुरांचे ठसे. दोन पोरे तिथलीच सिरिंज डबक्यात बुडवून एकमेकांवर पाणी उडवत होती. त्यांच्या हातातून ती काढून घेतली, घरी नेऊन साबणाने हात धुवायला लावले. त्यांतल्या मोठ्या पोराने विचारले, "काका, ही पिचकारी नाही का?" त्याला काय उत्तर द्यायचे, ते पिशवी टाकणाऱ्याने सांगावे.

त्या मोरीचे पाणी शेतात उतरते. खांब-देवकान्हे विभाग भाताचा आहे. आवण काढायचे, चिखलणी करायची आणि पोटरीभर चिखलात उभे राहून लावणी करायची, तीही अनवाणी. चिखलातली सुई दिसत नाही, ती टोचल्यावरच कळते. हिपॅटायटिस बी असलेल्या रुग्णाची सुई लस न घेतलेल्या माणसाला टोचली तर शंभरातल्या तिसापर्यंत माणसांना लागण होऊ शकते. आमच्या बायकांपैकी किती जणींनी ती लस घेतली आहे? लावणीत पायाला काहीतरी टोचले म्हणून कोणी रोह्याला दवाखान्यात जाते का? चिखलाचाच लेप लावतात आणि पुढची मूठ हातात घेतात.

आता "आम्हाला माहीत नव्हते" हे कोणी सांगू नये. या वैद्यकीय कचऱ्याचे पहिले नियम १९९८ साली आले, आजचे नियम २८ मार्च २०१६ चे आहेत. एका खाटेचा दवाखाना असो वा एकही खाट नसलेला, लॅब असो, पशुवैद्यकीय केंद्र असो की रक्तदान शिबिर, सगळे त्यात येतात. रक्ताने माखलेला कापूस-पट्टी पिवळ्या पिशवीत, नळ्या, हातमोजे आणि सुई काढलेल्या सिरिंज लाल पिशवीत, काच निळ्या खुणेच्या खोक्यात, सुया आणि ब्लेड पांढऱ्या, न भोसकता येणाऱ्या डब्यात. पिशवीवर बारकोड हवा. रक्ताळलेला कचरा प्रक्रियेविना ४८ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. तो अधिकृत सामाईक प्रक्रिया केंद्राच्या गाडीतच द्यायचा.

"आम्ही जाळतो" हे दुसरे उत्तर. हा कचरा जाळायच्या भट्टीच्या दुसऱ्या कक्षात १०५० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागते. परसातल्या शेकोटीत प्लास्टिक वितळते, विषारी धूर शेजारच्या घरात जातो आणि सुई राखेत तशीच राहते. "आम्ही पुरतो" म्हणणाऱ्यांसाठी, पुरण्याची मुभा सामाईक केंद्राची सोय नसलेल्या ग्रामीण वा दुर्गम भागालाच आहे. मुंबई-गोवा महामार्गावरचे खांब त्यात बसत नाही.

भंगारात देणारे सर्वांत घातक. २००९ साली गुजरातमध्ये मोडासा भागात हिपॅटायटिस बी ची साथ येऊन कित्येक माणसे दगावली. वापरलेल्या सिरिंज पुन्हा टोचल्या गेल्या होत्या. छाप्यांत वापरलेल्या सिरिंजचे ढीग सापडले. सिरिंज कापून निकामी न करता भंगारवाल्याला देणारा माणूस त्याच वाटेवर उभा आहे.

मुदत १ मेच्या ग्रामसभेपर्यंत. तोवर मोऱ्यांखाली, ओढ्याकाठी आणि कालव्यालगत टाकलेले सगळे स्वतः, जाड हातमोजे आणि बूट घालून उचलावे. गावच्या सफाई कामगाराला त्या कामाला जुंपलेले चालणार नाही. प्रक्रिया केंद्राशी झालेला करार आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्राधिकारपत्र यांची प्रत दवाखान्याच्या दर्शनी भागात लावावी. घरी इन्सुलिन घेणाऱ्यांनी सुया जाड प्लास्टिकच्या बरणीत साठवून, झाकणाला चिकटपट्टी लावून आपल्या डॉक्टरांकडे द्याव्यात, आणि डॉक्टरांनी त्या नाकारू नयेत.

२ मेपासून सापडणाऱ्या प्रत्येक पिशवीचा सरपंच आणि पोलीस पाटील यांच्यासमोर पंचनामा होईल. पिशवीत रिपोर्टचा फाटका कागद, औषधाचे लेबल, बिल असतेच, त्यावरून मालक सापडतो. तक्रार बेलापूरला प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आणि पोलीस ठाण्यात, दोन्हीकडे जाईल. पर्यावरण संरक्षण कायद्याखाली दहा हजारांपासून पंधरा लाखांपर्यंत दंड आहे. जीवघेण्या रोगाचा संसर्ग पसरेल असा निष्काळजीपणा केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २७१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. ओळख, नाते, गावकी, उधारीवर दिलेली औषधे, यातले काहीही आड येणार नाही.

गावकऱ्यांनो, पिशवी दिसली तर हात लावू नका, फोटो काढा, मुलांना आणि गुरांना लांब ठेवा आणि ग्रामपंचायतीत कळवा. सुई टोचली तर जखम पिळू नका, तोंडाने चोखू नका. वाहत्या पाण्यात साबणाने धुवा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठा. एचआयव्ही रोखणारी औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, आणि जितकी लवकर तितकी बरी.