संसाराचा जमाखर्च : थकलेला कर आणि त्यासाठीं काढावयाचें कर्ज

कोंकणांतील मध्यम स्थितीच्या घरांतून मुलगा शिकला म्हणजे मुंबईस जाऊन चाकरी धरीत असे, आणि त्याच्या मनिऑर्डरीवर गांवचें घर चाले. चाकरमान्याच्या कराची काळजी त्याचा मालक वाहतो. पगारांतून कर कापला जातो व उरलेली रक्कम हातीं पडते. परंतु बिरवाडीच्या आसमंतांत महाडची औद्योगिक वसाहत उभी राहिल्यापासून तेथें एक निराळाच वर्ग तयार झाला आहे. रासायनिक कारखान्यांतील नळजोडणीचीं, विजेचीं व यंत्रदुरुस्तीचीं कामें ठेक्यानें घेणारे, कामगार पुरविणारे, कंपनींतून निवृत्त होऊन सल्लागारी करणारे, घरीं बसून आराखडे काढून देणारे असे हे लोक आहेत. यांना पहिली तारीख नाहीं. काम आज होतें, बिल पुढल्या आठवड्यांत जातें, आणि पैसा साठ, नव्वद, क्वचित् सवाशें दिवसांनीं येतो. सरकारच्या तारखा मात्र कोणासाठीं थांबत नाहींत.

अशा घरांतून नेहमीं एकच प्रश्न निघतो : कर भरावयास हाताशीं रक्कम नसेल तर कर्ज काढून तो भरावा, कीं दंड सोसून थांबावें? हल्लीं मोबाइलवर पांच मिनिटांत कर्ज देऊं करणाऱ्या जाहिरातींचा सुळसुळाट झाल्यामुळें या प्रश्नाला जोर आला आहे. त्याचें उत्तर हिशेबानेंच दिलें पाहिजे.

लोक ज्याला सरसकट दंड म्हणतात त्यांत वास्तविक तीन व्याजें व एक शुल्क आहे. मुळांत कापलेला कर वजा जातां ज्याचा वर्षाचा कर 10,000 रुपये किंवा अधिक उरतो, त्यानें तो वर्ष संपण्यापूर्वींच आगाऊ भरावयाचा असतो. ही आगाऊ कराची पद्धत आपल्याकडे 1944 सालीं, युद्ध चालू असतां, सुरू झाली. सामान्यतः तिचे चार हप्ते असतात. पण जे लोक वह्यांचा पसारा न मांडतां ठोकळ प्रमाणानें नफा दाखवितात (पात्र व्यावसायिक जमेच्या निम्मा, ठेकेदार शेंकडा आठ किंवा, पैसा बँकेमार्फत आला असल्यास, शेंकडा सहा) त्यांस सर्व रक्कम 15 मार्चपर्यंत एकदम भरण्याची सवलत आहे. ती तारीख चुकली कीं त्याबद्दल एक टक्का. मार्चअखेर नव्वद टक्के कर भरला गेला नाहीं तर 1 एप्रिलपासून दरमहा एक टक्का. विवरणपत्राची मुदत टळली तर त्या दिवसापासून दरमहा आणखी एक टक्का. शिवाय विलंबशुल्क 5,000 रुपये. एकूण उत्पन्न पांच लाखांच्या आंत असेल तर 1,000. जुना 1961 चा कायदा जाऊन त्याच्या जागीं 2025 चा कायदा 1 एप्रिल 2026 पासून आणण्याचें ठरलें, कलमांचे क्रमांक बदलले; पण हीं व्याजें नव्या कायद्यांतहि तशींच आहेत.

समजा, एका सल्लागाराचा एक लाख रुपये कर उरला आहे आणि विवरणपत्राची मुदत जुलैअखेरची आहे. त्यानें जुलैंत कर भरला तर मार्चच्या चुकीचे 1,000 आणि एप्रिल ते जुलै या चार महिन्यांचे 4,000 मिळून 5,000 रुपये जास्त जातात. तोच मनुष्य डिसेंबरपर्यंत स्वस्थ बसला आणि विवरणपत्रहि तेव्हांच भरलें, तर 1,000, अधिक नऊ महिन्यांचे 9,000, अधिक ऑगस्टपासूनच्या पांच महिन्यांचे 5,000, अधिक शुल्क 5,000. एकूण 20,000 रुपये. म्हणजे मुदतीपूर्वीं सरकारचा पैसा शेंकडा बारा दरानें वापरावयास मिळतो, आणि मुदत टळतांच तोच दर शेंकडा चोवीस होतो. पुष्कळांच्या मनांत बाराच टक्के ठसलेले असतात, म्हणून ते चौदा टक्क्यांच्या बँकेच्या कर्जाला महाग समजून नाकारतात. शिवाय येथें महिन्याचा एक दिवस गेला तरी सबंध महिना धरला जातो. 31 तारखेस भरलेला कर आणि 1 तारखेस भरलेला कर यांत एका दिवसाचें नव्हे, एका महिन्याचें अंतर आहे.

येथें एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. विवरणपत्र भरणें आणि कर भरणें हीं दोन निराळीं कामें आहेत. पैसा नाहीं म्हणून विवरणपत्रहि ठेवून देण्याची जी रीत पडली आहे ती केवळ अज्ञानाची आहे. कर पुढें भरतों असें नमूद करूनहि विवरणपत्र मुदतींत दाखल करतां येतें. तसें केल्यास थकबाकीदार ठरण्याचा धोका राहतो, एप्रिलपासूनचें व्याजहि चालूच राहतें. परंतु दुसरें एक टक्क्याचें व्याज व विलंबशुल्क हीं दोन्ही टळतात. वरील उदाहरणांत वीस हजारांचे दहा हजार होतात. मागणीची नोटीस आल्यावर तीस दिवसांच्या आंत प्राप्तिकर अधिकाऱ्याकडे हप्ते बांधून मिळण्याचा अर्ज करतां येतो. हप्ते देणें न देणें त्यांच्या मर्जीवर असलें तरी अर्ज वेळेवर गेलेला असावा. कर्जाचा विचार त्यानंतरचा.

कर्जाचे प्रकार आपल्या घरांत ज्या क्रमानें सांपडतात त्याच क्रमानें घेऊं. स्वतःच्या मुदतठेवीवरील कर्ज बहुधा सर्वांत स्वस्त; ठेवीच्या दराहून एक-दोन टक्के अधिक एवढेंच व्याज पडतें. आयुर्विम्याच्या पॉलिसीवर, तिचें सरेंडर मूल्य झालें असल्यास, कर्ज मिळतें. सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीवर तिसऱ्या ते सहाव्या वर्षांत, निधीच्या दराहून एक टक्का अधिक देऊन, थोडी रक्कम उचलतां येते. पतपेढीचें कर्ज ओळखीवर लवकर होतें, पण जामीन राहणाऱ्या शेजाऱ्याला आपल्या करांत गुंतविणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. क्रेडिट कार्डावर कर भरण्याची सोय झाली आहे. त्याची बाकी पुढें ओढली तर दरमहा तीन-साडेतीन टक्के पडतात, म्हणजे सरकारच्या चोवीस टक्क्यांतून सुटून बेचाळिसांत उडी. मोबाइलवरील कर्जांबद्दल रिझर्व्ह बँकेनें 2022 सालीं नियम घातले : रक्कम थेट कर्जदाराच्याच बँकखात्यांत आली पाहिजे, सर्व खर्च धरून वार्षिक दर किती तो आरंभींच लिहून दिला पाहिजे, आणि विचार बदलल्यास थोड्या दिवसांत मुद्दल परत करून मोकळें होतां आलें पाहिजे. जो सावकार हा कागद देत नाहीं त्याच्या वाटेस जाऊं नये. एवढेंहि लक्षांत असावें कीं प्राप्तिकर भरण्यासाठीं काढलेल्या कर्जाचें व्याज धंद्याचा खर्च म्हणून वजा मिळत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें 1997 सालीं हें स्पष्ट केलें आहे.

राहतां राहिलें सोनें. बँकेंत सोनें ठेवून काढलेलें कर्ज एका दिवसांत होतें आणि इतर तातडीच्या कर्जांहून स्वस्त पडतें, म्हणून कर थकला कीं पहिली नजर कपाटाकडे जाते. येथें आम्हांस गृहस्थांपेक्षां गृहिणींशीं बोलावयाचें आहे. ठेका यजमानांच्या नांवानें, कर यजमानांचा, आणि पाटल्या मात्र तुमच्या, असा हा व्यवहार आहे. स्त्रीधन हें पत्नीच्या संपूर्ण मालकीचें असून पति त्याचा केवळ सांभाळणारा आहे, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयानें 1985 सालीं प्रतिभाराणी यांच्या दाव्यांत दिला. प्रसंगीं दागिना देणें यांत कमीपणा नाहीं. संसार दोघांचा आहे. पण तो मागून घेतला जावा, गृहीत धरून नेला जाऊं नये. गहाणाची पावती तुमच्या हातीं असावी, सोडविण्याची तारीख तुम्हांस ठाऊक असावी, आणि कोणत्या बिलाच्या पैशांतून तो सोडविला जाणार आहे तें आधीं विचारावें. त्याचें उत्तर मिळालें नाहीं तर तें कर्ज कर भरण्यासाठीं नसून धंद्याची तूट झांकण्यासाठीं आहे असें समजावें.

22 जुलै 2021 च्या महापुराची आठवण महाड-बिरवाडीकडे अजून ताजी आहे. त्या दिवशीं तळिये गांवावर दरड कोसळली. सावित्री, गांधारी व काळ या नद्यांच्या पाण्यानें घरें, दुकानें, कागदपत्रें भिजून गेलीं. त्या वर्षीं विवरणपत्राची मुदत जुलैऐवजीं प्रथम 30 सप्टेंबर व नंतर 31 डिसेंबर अशी वाढविली गेली. कारणें मात्र साथीचीं व आयकराच्या नव्या संकेतस्थळाच्या अडचणींचीं होतीं. ती वाढ मिळाल्यानें अनेक ठेकेदार निश्चिंत झाले. पण ज्यांचा कर एक लाखाहून अधिक उरला होता त्यांचें व्याज मूळ तारखेपासूनच चालू होतें, कारण मुदतवाढीच्या परिपत्रकांतच तसें लिहिलें होतें. मुदत वाढल्याची बातमी वर्तमानपत्रांत मोठ्या अक्षरांत येते, ही अट बारीक अक्षरांत.

ठेकेदाराचें खरें दुखणें मात्र प्राप्तिकरांत नसून जी. एस. टी. मध्यें असतें. बिल फाडलें कीं त्यावरील शेंकडा अठरा कर, कंपनीचा पैसा आलेला असो वा नसो, पुढच्या महिन्यांत सरकारांत भरावा लागतो. चुकला तर वार्षिक अठरा टक्के व्याज आणि विवरणपत्र राहिल्यास दररोज पन्नास रुपये शुल्क, त्याला कमाल मर्यादा असली तरी. स्वतःच्याच विवरणपत्रांत कबूल केलेल्या या कराला हप्ते मिळत नाहींत. ठेकेदारानें भरणा केला नाहीं कीं कंपनीची वजावट अडते, वजावट अडली कीं कंपनी पुढलें बिल अडविते. एकदां या चक्रांत सांपडलेला मनुष्य कर्जावर कर्ज काढीत जातो.

म्हणून उपाय बिलापाशींच केला पाहिजे. लहान उद्योगाची उद्यम नोंदणी 1 जुलै 2020 पासून चालू आहे व ती विनामूल्य होते. ती असल्यास 2006 च्या कायद्याप्रमाणें कंपनीनें लेखी करारानें फार तर 45 दिवसांत पैसा दिला पाहिजे. न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक-दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतें, आणि 2023-24 च्या हिशेबापासून तो खर्चहि कंपनीस त्या वर्षीं वजा मिळत नाहीं. माल-मजुरीसह घेतलेल्या एकत्रित बांधकामाच्या ठेक्यास हा कायदा लागू नाहीं असा मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय आहे, तेव्हां मजुरीचें बिल वेगळें करतां आल्यास बरें. तक्रारीचें समाधान संकेतस्थळ आहे. पण ज्या दाराशीं उद्यां पुन्हां काम मागावयाचें त्याच्याविरुद्ध तक्रार कोण करणार, हें आम्ही जाणतों. त्यापेक्षां ट्रेड्स नांवाची जी बिलवटाव व्यवस्था रिझर्व्ह बँकेनें मान्य केली आहे ती अधिक सोयीची. कंपनीनें बिल मान्य केलें कीं बँका त्यावर बोली लावतात, वटाव कापून पैसा थोड्याच दिवसांत मिळतो, आणि पुढें कंपनीनें बुडविलें तरी बँक ठेकेदाराकडे येऊं शकत नाहीं. 250 कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना तेथें नोंदणी करणें 2024 च्या अधिसूचनेनें आवश्यक झालें आहे. बिरवाडीच्या ठेकेदारानें नवें काम घेण्यापूर्वीं कंपनीच्या लेखापालास एवढेंच विचारावें कीं आपलें नांव ट्रेड्सवर आहे काय, आणि होकार आल्यास कामाच्या ऑर्डरींतच तसें लिहवून घ्यावें.