दोन बटणं, एक हात

टीव्हीला जोडलेल्या रास्पबेरी पायसारख्या तळहाताएवढ्या संगणकावर तीस-चाळीस वर्षांपूर्वीचा व्हिडिओ गेम सुरू करणं आता फार अवघड राहिलेलं नाही. तो बंद करणं मात्र सगळ्यांनाच जमतं असं नाही. रेट्रोपायच्या प्रचलित मांडणीत खेळातून बाहेर पडायचं तर कंट्रोलरवरची ‘सिलेक्ट’ आणि ‘स्टार्ट’ ही दोन बारीक बटणं एकदम दाबावी लागतात. दोन्ही हात धड असलेल्याला यात काहीच खटकत नाही. पण पक्षाघातानंतर एका हातावर सगळी भिस्त असलेल्याला, कंपवातामुळे बोटं स्थिर न राहणाऱ्याला किंवा संधिवाताने अंगठा आखडलेल्याला तिथेच अडायला होतं. खेळ जमतो, पण खेळातून सुटका होत नाही.

हे दोन बटणांचं कुणी ठरवलं? मूळ खेळ बनवणाऱ्या कंपनीने नाही, कन्सोल बनवणाऱ्यानेही नाही. ते ठरवलं, फावल्या वेळात बिनपगारी काम करणाऱ्या प्रोग्रामरांनी. त्यांचा कोड सर्वांना खुला आहे. म्हणजे तो बदलताही येतो, आणि बदलून मूळ प्रकल्पाकडे परत पाठवताही येतो. तरीही अशा गोष्टी वर्षानुवर्षं तशाच राहतात. ज्यांना त्याचा त्रास होतो ते कोड लिहीत नाहीत आणि जे कोड लिहितात त्यांना त्रास होत नाही, हे त्यामागचं साधं कारण.

थोडं मागून सांगायला हवं. एम्युलेटर म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारी संगणकप्रणाली. १९९७ साली इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी ‘मेम’ची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. आर्केडमधल्या, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या यंत्रांच्या आतले चिप कसे वागत होते, ते मेम घरच्या संगणकावर वठवून दाखवतं. पण अशी प्रत्येक यंत्रासाठी वेगळी प्रणाली. तिच्या आज्ञा निराळ्या, सेटिंग निराळी. फ्रंटएंड ही या सगळ्यांच्या पुढ्यात उभी असलेली गोष्ट. ग्रंथालयाशी तुलना केली तर एम्युलेटर म्हणजे आतली कपाटं आणि फ्रंटएंड म्हणजे काउंटर, सूचीपत्र आणि ग्रंथपाल असं तिन्ही. रेट्रोआर्च, एम्युलेशनस्टेशन, पेगासस ही त्यातली ठळक नावं, तिन्ही मुक्तस्रोत. खेळांची यादी लावणं, मुखपृष्ठ दाखवणं, कंट्रोलर ओळखणं, योग्य एम्युलेटर सुरू करणं, खेळ संपल्यावर माणसाला परत यादीपाशी आणून सोडणं ही त्यांची कामं. ग्रंथालयात हवं ते पुस्तक असूनही ग्रंथपाल धड नसेल तर ते मिळत नाही. इथेही तसंच.

आरोग्याच्या पानावर व्हिडिओ गेम आला की तो बहुधा व्यसन म्हणूनच येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आणि २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’ची नोंद आहे, आणि ती असायलाही हवी. पण शरीराचा आणि खेळाचा संबंध तेवढ्यावरच संपत नाही. पडद्यावरची अक्षरं डोळ्यांना दिसतात का, बटणं बोटांना झेपतात का, लुकलुकणारा उजेड मेंदूला सोसतो का, हेही आरोग्याचेच प्रश्न आहेत. जुन्या खेळांच्या बाबतीत त्यांची उत्तरं बऱ्याच अंशी फ्रंटएंडमध्ये ठरतात.

डोळ्यांपासून सुरुवात करू. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या घरोघरी जपानी फॅमिकॉमच्या नकला आल्या. त्यात घालायच्या कार्ट्रिजला सगळे ‘कॅसेट’च म्हणत. मारिओ आणि कॉन्ट्रावर सुट्ट्या घालवलेली ती मुलं आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. चाळिशीत डोळ्यांतल्या नैसर्गिक भिंगाची लवचीकता कमी होऊन जवळचं अंधुक दिसू लागतं. मराठीने तर त्या वयाचंच नाव चष्म्याला देऊन टाकलं आहे. नेमक्या याच पिढीच्या हातात आज साडेतीन इंचांच्या पडद्याची छोटी यंत्रं आहेत आणि त्यावर टीव्हीसाठी आखलेल्या यादीतली मुंगीएवढी अक्षरं. अक्षर मोठं करण्याची सोय सेटिंगच्या तिसऱ्या-चौथ्या पायरीवर दडलेली असेल तर उपयोग काय? तिथवर पोचायलाच चष्मा लागतो.

लुकलुकीचा मुद्दा अधिक गंभीर आहे. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये पोकेमॉनच्या एका भागात लाल-निळा प्रकाश झपाट्याने आलटून-पालटून दाखवला गेला आणि सुमारे सातशे मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं. प्रकाशामुळे झटका येण्याचा धोका अपस्माराच्या थोड्याच रुग्णांना असतो. पण त्यांच्यासाठी सेकंदाला साधारण ३ ते ३० वेळा होणारी उघडझाप घातक ठरू शकते, आणि १५ ते २५ हा टप्पा सर्वांत वाईट. जुन्या यंत्रांत लुकलुक ही तर नाइलाजाने काढलेली पळवाट होती. अटारी २६०० वरच्या १९८२ सालच्या पॅकमॅनमध्ये चार भुतं एकदम रेखाटणं यंत्राला जड जाई, म्हणून प्रत्येक चित्रचौकटीत एकच भूत काढलं जाई. सेकंदाला ६० चौकटी, म्हणजे एक भूत सेकंदाला १५ वेळा दिसणार. जुन्या काचेच्या टीव्हीतला फॉस्फरचा थर क्षणभर चमकत राही, त्यामुळे ही लुकलुक थोडी मवाळ होई. आजच्या सपाट पडद्यावर तो आधार नाही. इवल्याशा भुतांनी कुणाला झटका येण्याची शक्यता फार नाही, हे खरं. पण पूर्ण पडदा पांढरा लखलखवणारे स्फोट त्या काळच्या खेळांत भरपूर होते, आणि टीव्ही तेव्हापेक्षा कितीतरी मोठे झाले आहेत.

यावर उपाय आहेत. अटारीसाठीच्या ‘स्टेला’ या एम्युलेटरमध्ये फॉस्फरचा परिणाम वठवण्याची सोय आहे. फ्रंटएंडवाल्यांनी मात्र स्वतःहून एक नवी भर घातली आहे: यादीत एखाद्या खेळावर थांबलं की त्याची चित्रफीत आपोआप सुरू होते. दिसायला झकास, पण कुठला खेळ कधी लखलखेल हे बघणाऱ्याच्या हातात राहत नाही. वेबसाइटच्या सुगम्यतेचे आंतरराष्ट्रीय निकष सेकंदाला तीनपेक्षा जास्त झगमगाट नको म्हणतात. चित्रफितींची आपोआप सुरुवात बंदच असावी आणि ज्याला हवी त्याने ती चालू करावी, ही मागणी अवास्तव नाही. अशा एका ओळीच्या बदलासाठी कुणी चर्चा घडवून आणली, तर ते दहा नव्या रंगीबेरंगी थीमपेक्षा मोठं योगदान ठरेल.

दृष्टिहीनांचा प्रश्न याहून चमत्कारिक आहे. दोन्ही कानांत वेगवेगळा आवाज देणारे मारामारीचे खेळ काही दृष्टिहीन खेळाडू निव्वळ कानांवर खेळतात आणि जिंकतात. अडतात ते खेळाच्या आधी, यादीपाशी. बरेच फ्रंटएंड आपला पडदा थेट ग्राफिक्सच्या आज्ञांनी रंगवतात. त्यामुळे संगणकातल्या स्क्रीन रीडरला तिथे अक्षरं सापडत नाहीत, नुसतं चित्र दिसतं. म्हणजे फ्रंटएंडने स्वतःच बोललं पाहिजे. रेट्रोआर्चमध्ये मेनू वाचून दाखवण्याची सोय आहे. आणि ‘ईस्पीक एनजी’ या मुक्तस्रोत वाचकयंत्रणेत मराठीही आहे. आवाज यंत्रासारखा कोरडा, पण समजतो.

मराठी आवाजाच्या आधी मराठी अक्षरांचं काय, हाही प्रश्न येतोच. फ्रंटएंडमधल्या वाक्यांचं भाषांतर करणं म्हणजे दोन सुट्ट्यांचं काम, असं वाटतं. पण रोमन लिपी एकापुढे एक ठोकळे ठेवावेत तशी रंगवता येते. देवनागरी तशी चालत नाही. ‘स्थिती’तली वेलांटी व्यंजनानंतर साठवलेली असते आणि दाखवायची असते आधी. ‘वाऱ्यावर’मधला अर्धा र, ‘राष्ट्र’मधलं जोडाक्षर यांसाठी अक्षरांना आकार देणारी वेगळी यंत्रणा लागते. ‘हार्फबझ’ ही अशीच मुक्तस्रोत यंत्रणा अँड्रॉइड आणि फायरफॉक्ससुद्धा वापरतात. पेगासस ज्या ‘क्यूटी’वर उभा आहे त्यातही ती आहे. जिथे ती जोडलेली नसेल तिथे उत्तम भाषांतरही पडद्यावर मोडक्या अक्षरांचा ढीग होऊन उतरतं. मराठी माणसाने इथे दिलेली सूचना हिंदी, नेपाळी, कोकणीलाही कामी येते, कारण लिपी एकच.

तर योगदान म्हटलं की कोडच, हा समज सोडायला हवा. कंट्रोलरचंच बघा. बाजारातल्या शेकडो कंट्रोलरांपैकी कुठल्याचं कुठलं बटण कुठे आहे, याची एक सामायिक यादी लोकांनी मिळून तयार केली आहे आणि अनेक खेळ व फ्रंटएंड ती वापरतात. एक कंट्रोलर म्हणजे त्या यादीतली एक ओळ. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये अपंग खेळाडूंसाठी मोठ्या बटणांचा, बाहेरून कळी जोडता येणारा कंट्रोलर आणला. कुणी घरी स्वतःच तसं काही जुळवतं. त्या जुळवणीची एक अचूक ओळ यादीत गेली की जगात कुठेही तसंच यंत्र वापरणाऱ्याचं काम सुरू होताच होऊन जातं.

पण अशा बारीक कामाला प्रतिष्ठा नाही, आणि आपल्याकडे तर मुळीच नाही. डिजिटलओशन ही कंपनी २०१४ पासून ‘हॅक्टोबरफेस्ट’ भरवते: ऑक्टोबरात मुक्तस्रोत प्रकल्पांत ठरावीक भर घाला आणि टीशर्ट मिळवा. २०२० मध्ये या टीशर्टपायी हजारो निरर्थक बदल प्रकल्पांवर येऊन आदळले. कुणी माहितीपत्रात एक विशेषण घुसडलं, कुणी नुसतं आपलं नाव. त्यात भारतीय विद्यार्थ्यांचं नाव नको तितकं गाजलं. अखेर जे प्रकल्प आपणहून सहभागी होतील तिथलीच भर मोजायची, असा नियम आयोजकांना ऑक्टोबर सुरू झाल्यावर तीन दिवसांतच करावा लागला. नोकरीच्या अर्जात दाखवायला ‘मुक्तस्रोत योगदान’ हवं म्हणून केलेलं काम हे असं होतं.

याची किंमत मोजतो तो प्रकल्प सांभाळणारा. आलेला प्रत्येक बदल वाचणं, तपासणं, सभ्यपणे नाकारणं हे त्याच्या संध्याकाळच्या वेळातलं काम. त्यावर तक्रारींचा पाऊस. स्वस्त यंत्रात फुकटचा फ्रंटएंड भरून विकणारा पैसे कमावतो आणि बिघाड झाला की गिऱ्हाईक मूळ प्रोग्रामरच्या दारात उभं राहतं. अँड्रॉइडवर प्लेस्टेशन २ चे खेळ चालवणारा ‘ईथरएसएक्सटू’ हा फुकट मिळणारा एम्युलेटर त्याच्या कर्त्याने जानेवारी २०२३ मध्ये थांबवला. सततच्या मागण्या, तोतयेगिरी आणि जिवे मारण्याच्या धमक्या, ही त्याने दिलेली कारणं. खेळणं फुकट मिळालं नाही म्हणून नव्हे, तर फुकट मिळालेलं हवं तसं नाही म्हणून धमक्या! कामाच्या ताणाने होणारी दमछाक हा विषय दवाखाने आणि आयटी कंपन्यांपुरता नाही. इथे तर पगार नाही, रजा नाही आणि वरिष्ठही नाही.

‘पण हे सगळं चोरीच्या खेळांसाठीच ना?’ असं विचारलं जातं. एम्युलेटर बनवणं हा गुन्हा नाही. सोनी विरुद्ध कनेक्टिक्स या खटल्यात अमेरिकेतल्या न्यायालयाने २००० सालीच तसा मार्ग मोकळा केला. खेळांवरचा कॉपीराइट ही वेगळी गोष्ट आणि तो मोडू नये हेच बरं. पण व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीनुसार अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज अधिकृतपणे विकतच मिळत नाहीत. जी वस्तू दुकानात नाही तिच्यासाठी दुकानाकडे बोट दाखवण्यात फारसा अर्थ नाही.

मुंबईत केईएम, शीव आणि नायर या महापालिका रुग्णालयांत व्यवसायोपचाराचं शिक्षण दिलं जातं. हाताची पकड, बोटांची हालचाल, पक्षाघातानंतर काय उरतं आणि काय परत मिळवता येतं, हे तिथल्या विद्यार्थ्यांइतकं कुठल्याही प्रोग्रामरला ठाऊक नसतं. अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी आणि व्यवसायोपचाराचा एक विद्यार्थी यांनी एखाद्या रुग्णाच्या संमतीने, त्याच्या शेजारी अर्धा तास बसावं. कुठला कंट्रोलर होता, रुग्णाला काय करायचं होतं आणि तो कुठल्या बटणापाशी अडला, एवढं चार ओळींत लिहून प्रकल्पाकडे पाठवावं. सिलेक्ट आणि स्टार्ट एकदम दाबण्याऐवजी एकच बटण दोन सेकंद दाबून धरलं तर चालेल का, हा प्रश्न त्या चार ओळींतूनच पुढे येईल.