आर्चीनंतरची रिंकू

कन्येने नाटक-चित्रपटात काम करण्याची इच्छा बोलून दाखविली, की पेढीवर बसणाऱ्या पित्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो शिक्षणाचा. अकलूजच्या एका शिक्षक दांपत्यापुढे हाच प्रश्न फार कठोर रूपात उभा राहिला. त्यांच्या कन्येचे नाव प्रेरणा. जगाला ती रिंकू राजगुरू म्हणून ठाऊक आहे आणि कित्येकांच्या लेखी अद्याप केवळ ‘आर्ची’ आहे.

या कथेचा एक धागा नगरशी जुळतो. ‘सैराट’चे दिग्दर्शक नागराज मंजुळे यांनी ‘पिस्तुल्या’ हा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त लघुपट नगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात शिकत असताना केला. ‘सैराट’चे चित्रीकरण ज्या करमाळा भागात झाले, तोही नगर जिल्ह्याला लागूनच आहे.

२९ एप्रिल २०१६ रोजी ‘सैराट’ प्रदर्शित झाला, तेव्हा रिंकूला पंधरावे वर्षही पूर्ण झाले नव्हते. राष्ट्रीय पुरस्कारांत तिच्या अभिनयाचा विशेष उल्लेख त्याआधीच झाला होता. ट्रॅक्टर चालविणारी, बुलेटवर स्वार होणारी, मुलाच्या नजरेला नजर भिडविणारी ही नायिका मराठी पडद्याला नवी होती. चित्रपटाने शंभर कोटींचा टप्पा ओलांडला. मात्र त्याच यशाने तिची शाळा हिरावली. गर्दीमुळे वर्गात बसणे अशक्य झाले आणि दहावीची परीक्षा तिला बाहेरून द्यावी लागली. २०१७ साली ती ६६.४० टक्के गुण मिळवून उत्तीर्ण झाली. त्या वर्षी अनेकांनी हे गुण उणे मानले. ज्या मुलीला रस्त्यावर चालणे दुरापास्त झाले होते, तिने अभ्यासाला बसणे हीच मोठी गोष्ट होती, हे थोड्यांच्याच ध्यानात आले. २०१९ मध्ये बारावीला तिने ८२ टक्के मिळविले.

भूमिकांच्या बाबतीत आरंभीची वाट तितकी सरळ नव्हती. ‘सैराट’च्या कन्नड अवतारात, ‘मनसु मल्लिगे’त, तिने तीच भूमिका पुन्हा केली. चाललेला माल पुन्हा मागविण्याचा मोह व्यापाऱ्यालाही सुटत नाही, तेव्हा त्यात नवल नाही. पण नटाचे त्यात नुकसानच अधिक. त्यानंतर मात्र निवड पालटली. ‘कागर’मध्ये गावचे राजकारण आले. ‘हंड्रेड’ या हिंदी मालिकेत लारा दत्ता यांच्यासमवेत, आयुष्याचे मोजके दिवस उरलेल्या तरुणीची भूमिका आली. ‘२०० हल्ला हो’ (२०२१) मध्ये नागपूरच्या सत्य घटनेवर बेतलेल्या कथेत वस्तीतल्या अन्यायग्रस्त स्त्रियांच्या बाजूने उभी राहणारी दलित तरुणी तिने साकारली. तेथे आर्चीचा तोरा कामाचा नव्हता. संताप आवरून धरणे हाच अभिनय होता.

२०२३ च्या ‘झिम्मा २’मध्ये तर ती सुहास जोशी, निर्मिती सावंत अशा ज्येष्ठ अभिनेत्रींच्या मेळ्यातील एक होती. पंधराव्या वर्षी जिच्या नावावर चित्रपटगृहे भरली, तिने बाविसाव्या वर्षी इतरांच्या ओळीत उभे राहणे स्वीकारले.