खुडूक कोंबडीची बाजू

‘खुडूक’ हा शब्द मराठीत कोणी कौतुकाने उच्चारल्याचे मला आठवत नाही. अंडी द्यायची थांबून खुराड्याच्या कोपऱ्यात अंग फुगवून बसलेली, हात लावायला गेले की टोचणारी, दाणे टाकले तरी न उठणारी कोंबडी ती खुडूक. तिच्यावरचे उपचारही ठरलेले आहेत. कोणी तिला बादलीत बुचकळून काढतात, कोणी तिच्या नाकपुड्यांतून तिचेच पीस आरपार ओवतात, कोणी डालग्याखाली दोन दिवस उपाशी कोंडतात. एवढे झाल्यावर ती पुन्हा अंडी देऊ लागली की घरातली माणसे समाधानाने म्हणतात, “शहाणी झाली!” फराळाची ताटे पुढे घेऊन बसलेल्या वाचकांसमोर मी आज या वेडीचे वकीलपत्र घेऊन उभा आहे. पक्षकाराकडून फी मिळणार नाही. उलट मीच तिचे देणे लागतो. ते कसे, ते पुढे येईलच.

आधी विरुद्ध पक्षाचे म्हणणे प्रामाणिकपणे मांडतो. आपली किलो-सव्वा किलोची गावठी कोंबडी वर्षाला ५०-६० अंडी देते. १२-१५ अंडी झाली की ती खुडूक बसते, २१ दिवस उबवते आणि पुढे दीड-दोन महिने पिल्लांमागे हिंडते. पिंजऱ्यातली व्यापारी जातीची कोंबडी वर्षाला ३०० अंडी देते. गावच्या परसासाठी बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने ‘गिरिराज’ आणि हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने ‘वनराजा’ तयार केली. त्यांचीही अंडी गावठीपेक्षा पुष्कळ अधिक. यातला एकही आकडा खोटा नाही. ज्या विद्वानांनी हे काम केले त्यांना माझा नमस्कारच आहे. माझे भांडण आहे ते या आकड्यांवरून ‘म्हणून खुडूक कोंबडी निरुपयोगी’ असा निकाल देणाऱ्यांशी. आणि असा निकाल देणाऱ्यांत चार वर्षांपूर्वी मी स्वतः होतो.

त्या साली गावात सुधारित पिल्ले वाटायची एक योजना आली. वहिनी घेईनात. मी सुट्टीत घरी गेलो होतो. कागद-पेन्सिल घेऊन मी त्यांना ६० आणि १५० यांतला फरक समजावून सांगितला आणि वर सल्ला दिला की, या बसक्या गावठी कोंबड्या आता विकून टाका. उगाच दाणे कशाला घालायचे? शिकलेल्या दिराचा शब्द! वहिनींनी सात कोंबड्या आणि एक कोंबडा बाजाराला पाठवला. नवी पिल्ले वाढली, अंडीही चांगली देऊ लागली. पोस्टकार्डाएवढ्या चिठ्ठीत वहिनींनी मला तसे कळवले, आणि मी ती चिठ्ठी चार मित्रांना वाचून दाखवली.

दोन वर्षे सरली. काही कोंबड्या मुंगसाने नेल्या, काही रोगाने गेल्या, उरलेल्यांची अंडी कमी झाली. खुडूक मात्र एकही बसली नाही. बसणार कशी? अंड्यांची संख्या वाढावी म्हणून माणसाने पिढ्यान् पिढ्या निवड करताना न बसणाऱ्या कोंबड्याच निवडल्या. बसण्याची बुद्धी त्यांच्या रक्तातूनच काढून टाकली. नव्या पिल्लांसाठी पुन्हा योजनेकडे जावे, तर त्या साली गावाच्या वाट्याला पिल्लेच आली नाहीत. दिवाळीला मी घरी गेलो तेव्हा परडे सुने होते. वहिनी एवढेच म्हणाल्या, “भावजी, अंडी खाल्ली, पण खुराडं मोडलं.”

दरवर्षी धाकटीच्या परीक्षेची फी वहिनी दोन कोंबडे विकून भरीत. कोणाला विचारायचे नाही, कोणाला सांगायचे नाही. त्या वर्षी त्यांना माझ्या दादांपुढे हात पसरावा लागला. दादांनी पैसे दिले, पण ‘कशाला?’ हेही विचारले. माझ्या कागदावरच्या हिशेबात हा ‘कशाला’ कुठेच नव्हता.

माझी चूक काय झाली? मी अंडी मोजली आणि कोंबड्या मोजायच्या विसरलो. दूध मोजावे आणि वासरू विसरावे, तसे. ज्याला खाद्य विकत आणायचे आहे, पिल्ले विकत आणायची आहेत आणि अंडी ट्रकने धाडायची आहेत, त्याने अंडीच मोजावीत; तो त्याचा धंदा आहे. पण परसातली कोंबडी उकिरड्यावर स्वतःचे पोट भरते आणि स्वतःची पिढी स्वतः उभी करते. तीन वेतांतली दोन वेतांची अंडी खाल्ली, एका वेताची १० अंडी तिच्याखाली ठेवली, त्यांतली सात फुटली आणि चार जगली, तरी वर्षाअखेर दोन तलंगा आणि दोन कोंबडे घरात आले. गावठी कोंबड्याला गिऱ्हाईक दारात येते. अंड्यांच्या मोठ्या धंद्यात मात्र नर पिल्लू जन्मल्या दिवशीच मारून टाकतात, कारण ते अंडी देत नाही आणि मांसही फारसे धरत नाही. जर्मनीने २०२२ पासून कायद्याने ही हत्या बंद केली. आमच्या परड्यात असा कायदा कधी लागलाच नाही. तिथे नराला किंमत होती.

“मग उबवणी यंत्र आणा!” असे कोणी म्हणेल. आणावे की! हजारांनी पिल्ले काढायची असतील तर यंत्राला पर्याय नाही. पण ते यंत्र करते काय? उष्णता साडेसदतीस अंशांवर ठेवते, हवेत ओल राखते, अंडी दिवसातून अनेकदा फिरवते आणि अठराव्या दिवसानंतर फिरवणे थांबवते. हे सगळे कोंबडी पोटाखाली, चोचीने, विजेवाचून करते. दिवसातून एकदा पाव तास उठते, दाणे टिपते, धुळीत लोळते आणि परत बसते. शेवटच्या दिवसांत ती अंड्यांशी हळू आवाजात बोलते आणि आतले पिल्लू उत्तर देते. हा काव्याचा भाग नाही, अंडे कानाशी धरून पाहावे. पिल्ले बाहेर आल्यावर यंत्राचे काम संपते, हिचे सुरू होते. पहिल्या आठवड्यात पिल्लांना ३५ अंशांची ऊब लागते. ती पंखाखाली मिळते. घार दिसताच कोणत्या आवाजाला कुठे दडायचे आणि वाळवी कशी उकरायची, हे कोणते यंत्र शिकवणार?

तेव्हा जुने तेवढे सोने असे मी म्हणत नाही. रानीखेत हा रोग भारतात १९२७ साली त्या नावाच्या डोंगरी गावी ओळखला गेला. तो आजही एका आठवड्यात सगळे खुराडे रिकामे करतो, आणि गावठी कोंबडीचा काटकपणा त्याच्यापुढे चालत नाही. सातव्या दिवशी पिल्लाच्या डोळ्यात लशीचा एक थेंब आणि सहा-आठ आठवड्यांनी टोचणी, एवढे केलेच पाहिजे. तोच कोंबडा वर्षानुवर्षे ठेवून त्याच्याच लेकींवर सोडणे हाही आमचाच दोष; दरसाल दोन घरांनी कोंबडे बदलले तर फुकटात सुधारणा होते.

माझे मागणे एवढेच आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशातल्या सुमारे ८५ कोटी कोंबड्या-बदकांपैकी ३१ कोटी ७० लाख परसातली निघाली. परसाचे काम एवढे मोठे आहे, तर त्याचा हिशेब परसाच्या मापाने करा. गावात पिल्लांची खोकी धाडा, पण त्याआधी वेळेवर लस धाडा आणि जातिवंत कोंबडा द्या. आणि ‘जुन्या कोंबड्या विका’ हा माझ्यासारख्यांचा फुकटचा सल्ला तेवढा देऊ नका. दहा सुधारित कोंबड्यांत दोन बसणाऱ्या गावठी असल्या, तर अंडीही मिळतात आणि खुराडेही मोडत नाही.

वहिनींनी हे मला विचारून केले नाही. शेजारच्या आजींकडून त्यांनी एक मुठीएवढी काळी खुडूक कोंबडी निम्म्या वाट्याने आणली. पाटीत राख आणि पेंढा घातला, संध्याकाळी अंधार पडल्यावर तिला दहा अंड्यांवर बसवले, आणि सातव्या रात्री एकेक अंडे विजेरीसमोर धरून लाल शिरा दिसतात का ते पाहिले. दोन वांझ निघाली. आठ फुटली, चार आजींची, चार वहिनींची. त्या चारांचे आता अकरा झाले आहेत.

यंदा मी हे लिहीत असताना वहिनी कोंड्यात अंडी जमवीत आहेत. कोंबडी दसऱ्याच्या संध्याकाळी बसवायची आहे. मी पंचांग काढून दिवस मोजू लागलो, तर स्वयंपाकघरातूनच उत्तर आले, “दसऱ्याला बसवली की पाडव्याला पिल्लं. त्याला कागद कशाला लागतो?”

मी पेन्सिल खाली ठेवली.