धुके विकत आणू नये

शालेय विज्ञान प्रदर्शनांत अलीकडे एक तयार वस्तू वारंवार दिसते: पाण्याच्या भांड्यात बुडवलेली छोटी चकती, तिच्यातून उसळणारे पांढरे धुके आणि शेजारी ठळक अक्षरांतला फलक. पाहुणे थबकतात, कौतुक करतात. मात्र ‘हे कसे होते?’ असे विचारले की विद्यार्थी फलकच वाचून दाखवतो. वसतिगृहातील मुलांनी हे धुके स्वतः घडवावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बाजारात मध्यभागी अतिसूक्ष्म छिद्रे असलेली पीझो चकती मिळते. तिची स्वाभाविक वारंवारता बहुधा ११३ किलोहर्ट्झच्या आसपास असते, म्हणजे माणसाच्या श्रवणमर्यादेच्या पाचपटींहून अधिक. ५५५ क्रमांकाची चिप त्या गतीने स्पंदने देते, मॉसफेट ती पुढे नेतो आणि तारेचे एक वेटोळे चकतीपुरता विद्युतदाब वाढवते. विशिष्ट स्फटिकांवर दाब दिला की वीज उमटते, हे जॅक व पिएर क्युरी या बंधूंनी १८८० मध्ये दाखवले; वीज दिल्यास असा स्फटिक आकार बदलतो, हा उलटा परिणामही लवकरच सिद्ध झाला. चकती थरथरते ती याच उलट्या परिणामाने. पाणी उकळत नाही, फक्त त्याचे बारीक तुषार होतात. म्हणून हे धुके हाताला गार लागते. फलकावरचा ‘वाफ’ हा शब्द तरी पुसावा!

आम्ही काही मुलांसमवेत हा परिपथ जुळवला, तेव्हा पहिले दोन दिवस काहीच घडले नाही. डाख पुन्हा दिले, वेटोळे बदलले. तिसऱ्या दिवशी सातवीतील एका मुलीने बदलता रोधक केसभर फिरवला आणि चकतीतून धुक्याचा बारीक धागा निघाला. आनंदाच्या भरात पाणी संपल्याचे कुणाच्या ध्यानी आले नाही. कोरडी चालून चकती निकामी झाली. ती मुलगी रडवेली होऊन म्हणाली, “सर, देणगीची वस्तू मी मोडली.”

हे वाक्य आम्हांला अजून बोचते. देणगीतून आलेली उपकरणे कुलूपबंद कपाटात जपायची आणि मुलांनी ती काचेतून पाहायची, या आपल्या सवयीनेच ते तिच्या तोंडी घातले.

काळजी अर्थातच हवी. घरातील विजेऐवजी ५ व्होल्टचा पुरवठा वापरावा. तरीही परिपथ चालू असताना चकतीच्या तारांना हात लावू नये. बोअरचे जड पाणी टाळावे, त्यातील क्षार पांढऱ्या धुळीच्या रूपाने हवेत पसरतात. शिळे पाणी तर नकोच. त्यातील जंतू धुक्याबरोबर श्वासात जातात. ऊर्ध्वपातित पाणी उत्तम.

माजी विद्यार्थ्यांकडे व पालकांकडे आमचे मागणे लहान आहे. यंदा तयार प्रतिकृतींसाठी पैसे देऊ नयेत. त्याच रकमेतून ‘मोडतोड’ नावाचे एक खाते काढावे आणि त्यातील पहिल्या खर्चाने त्या मुलीला नवी चकती आणून द्यावी.