गाडी समुद्रात, नकाशा जुन्या काळात

अटल सेतू जानेवारी २०२४मध्ये खुला झाला. त्यावरून जाताना बाबांच्या गाडीतला पडदा अजूनही आम्हांला भर समुद्रात दाखवतो. उपग्रहांचा काहीच दोष नाही. जागा अचूक कळते, नकाशा शिळा आहे. नवा हवा तर सर्व्हिस सेंटरला जा, पैसे मोजा. मामाचा जुना सुटा जीपीएस आम्ही घरीच संगणकाला जोडून अद्ययावत करायचो. बिघडला असता तर तेवढाच बदलला असता. मी सॉफ्टवेअर लिहूनच पोट भरतो, त्यामुळे ही तांत्रिक अडचण आहे असं मला कुणी सांगू नये. हे मुद्दाम लावलेलं कुलूप आहे. बाबांनी या पडद्यासाठी जास्तीचे पैसे भरून वरचं मॉडेल घेतलं. आता त्याच्यासमोर फोन अडकवतात. किल्ली कंपनीकडेच राहणार असेल, तर आपण नेमकं विकत काय घेतलं?