पंचनाम्याची दुचाकी

मार्च २०१४. ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर मराठवाडा-विदर्भात दिवसामागून दिवस गारा पडत राहिल्या. काढणीला आलेला गहू, हरभरा रानातच आडवा झाला. मग सुरू झाली पंचनाम्यांची धावपळ.

सेनगावसारख्या तालुक्यात ती बहुधा दुचाकीवरच होते. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक यांनी बांधावर जाऊन नुकसान पाहायचे, कारण ३३ टक्क्यांची (२०१५ पूर्वी ५० टक्क्यांची) अट पूर्ण झाल्याशिवाय मदत नाही. शेतकऱ्याला घाई, वरून मुदतीचा आदेश, आणि आभाळ अजून निवळलेले नसते. कयाधूकाठच्या काळ्या मातीत चाक आणि मडगार्डच्या मध्ये चिखल बसला की गाडी ढकलतच न्यायची.

खरा धोका विजेचा. बंद मोटारीचा धातूचा सांगाडा वीज बाहेरच्या बाहेर जमिनीत उतरवतो. दुचाकीस्वाराला तो आसरा नाही, आणि बिचारा धावतो नेमका झाडाखाली. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप आसपासच्या विजेचा इशारा देते. तो आला की पाहणी थांबवायची, असा लेखी आदेश प्रत्येक तहसील कार्यालयाने काढायला हवा. पाहणीच्या काळात बंद जीपही मिळावी. एका दिवसाच्या उशिराने शेतकरी रागावेल म्हणता? मदतीचे पैसे तसेही कुठे वेळेवर येतात!